थाळी वाजेपर्यंत

खडकदरा, ता. वसमत
२ डिसेंबर २०२४

प्रिय लेक दीक्षा,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. तिथं पोलीस प्रशिक्षणात फोन जमा करून घेतात आणि फक्त रविवारी थोडा वेळ देतात, हे तू जाताना सांगितलं होतंस. त्याचा अर्थ आता कळतो आहे. रविवारी तुझा फोन आला की आधी आजी घेते, मग तुझी आई घेते, आणि माझ्या हातात येईतो तुझ्या मागं उभ्या असलेल्या पोरी ओरडायला लागलेल्या असतात. म्हणून मी लिहीतच जाईन. दहावीपर्यंत शिकलेल्या गवंड्याला एकेक वाक्य थापीनं सारखं करावं लागतं, वेळ जातो, पण फोनपेक्षा बरं.

इकडे सगळं ठीक आहे. जमिनीतले आवाज चालूच आहेत. तू गेल्यानंतर भूकंपाचा एक धक्का बसला, बारीकच होता. मी शिरड शहापूरला कामावर होतो, तिथंही जाणवला. कुणाला काही झालं नाही. काळजी करू नको.

थाळीची रीत अजून चालू आहे. जुलैतल्या धक्क्यानंतर बायांनी ती ठरवली तेव्हा तू इथंच होतीस. आवाज झाला की मोकळ्यात यायचं, आपल्या घरातलं माणूस न माणूस डोळ्यांनी बघायचं, आणि सगळी दिसली की मगच थाळी वाजवायची. आता त्यात एक नवीन झालं आहे. आजी पडल्यापासून बाजेवरच आहे, तिला बाहेर आणता येत नाही. तर चांगुणाबाईनं सगळ्या गल्लीसमोर सांगितलं, "जिला भायेर येता येत न्हाई तिची थाळी पयली. जनकामायची वाजली की मंग आमची." तेव्हापासून सगळं गाव आजीच्या थाळीकडं कान लावून उभं राहतं. आजीला सरपंच झाल्यासारखं वाटतं. उशाशी थाळी आणि पळी ठेवूनच झोपते.

मी आजकाल सकाळी टेंभीच्या डोंगरावर जाऊन येतो. तू पळायचीस ती वाट. हवा चांगली असते. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

तुझा,
बाबा

---

१२ डिसेंबर २०२४

ती. बाबांस जयभीम.

बाबा, तुम्ही आणि डोंगर? मी पत्र माझ्या शेजारच्या पल्लवीला वाचून दाखवलं. ती लातूरकडची आहे. म्हणाली, "तुझ्या बाबांचं वय निघून गेलं ना भरतीचं?" मी म्हटलं, वय निघून गेलं पण उंची बसते.

आता जाताच आहात तर नीट ऐका. चढाला पळायचं नाही, हात मांडीवर ठेवून चालायचं. सपाटीला पळायचं. उताराला पाय आडवे टाकायचे आणि नजर पायापासून थोडी पुढं ठेवायची. मोज्यात कुसळं शिरतात, ती बसून काढायची, तसंच पळत राहिलं की फोड येतो. गूळ-शेंगदाणे खिशात ठेवा.

आणि टेंभीवरच थांबायचं काय म्हणून? मी भरतीआधी पाची माथे एका दिवसात केले होते. टेंभी, जोगीण, काळखडी, गिधाडमाथा आणि निशाण. गावाभोवती घोड्याच्या नालासारखे बसलेत, त्यामुळं गाव कुठूनही दिसतं, एकटं वाटत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. काळखडी आणि गिधाडमाथ्यावरून गाव अगदी खाली दिसलं तरी सरळ उतरायचं मनातही आणू नका. कडा आहे, आणि कड्याखाली तलाव. उतरायची वाट शेवटी निशाणवरूनच.

त्या दिवशी तुम्ही तलावाच्या बांधावर दिवसभर मान वर करून उभे होता. आई अजून हसते त्यावर.

पुढच्या महिन्यात आम्हाला गोळीबार शिकवणार आहेत.

एक विचारायचं राहिलं. आई फोनवर म्हणाली, तुम्ही सध्या नुसत्या कंपाउंडच्या भिंती आणि विहिरीचे कठडे असलीच कामं घेता. काहून? कुरुंद्याच्या त्या मोठ्या घराचं काम होतं ना?

तुमची,
दीक्षा

---

खडकदरा
२१ डिसेंबर २०२४

प्रिय दीक्षा,

सप्रेम जयभीम.

तू सांगितल्यासारखं पाय आडवे टाकून बघितले. घसरलो, पण कमी घसरलो. आता टेंभी, जोगीण आणि काळखडी असे तीन माथे होतात. कुरुंद्याच्या बाजारातून कापडी बूट आणले आहेत.

जोगिणीवर प्रभू मेंढरं घेऊन असतो. मला पळताना बघून काठी आडवी धरून हसत सुटला. "रत्नपालभाऊ, कोन मागं लागून राहिलं? का पोरगी पोलीस झाली म्हनून तुमी चोर झाले?" मी त्याच्याजवळ बसलो. त्याला विचारलं, आवाज यायच्या आधी मेंढरांना कळतं का? टीव्हीवर तसं सांगतात. तो म्हणाला, "मेंढराला काय कळतं? मी दचकलो की ते दचकते. आमी दोघंबी एकमेकाकडं बघून पळतो."

कुरुंद्याचं काम दुसऱ्यानं घेतलं. हिवाळ्यात मोकळ्यातलं काम बरं असतं, ऊन मिळतं.

आजीचं खाणं कमी झालं आहे. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, तिच्या मनासारखं करा. संध्याकाळी मी खिडकीशी बसतो. तिथंच वंदना म्हणतो, मग आम्ही बोलत बसतो. ती मधेच म्हणते, "तुझा आवाज तुझ्या बापासारखा हाय, पर त्यो एवढा लांबून न्हाई बोलायचा." तिला ऐकू कमी येतं आताशा.

हळदीची पानं पिवळी पडायला लागली. आई मजुरीला जाते. बाकी ठीक.

तुझा,
बाबा

---

३ जानेवारी २०२५

ती. बाबा,

जयभीम.

खिडकीशी बसता म्हणजे कोणत्या बाजूनं?

पत्र वाचलं तेव्हा मला दिसलं की तुम्ही आजीच्या बाजेशेजारी, खिडकीच्या आत बसला आहात. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते आजीचं वाक्य अडकलं. आजीला ऐकू चांगलं येतं, बाबा. फोनवर माझ्या मागच्या पोरींची भांडणंसुद्धा ऐकते ती. म्हणून रविवारी मी आईला सरळ विचारलं. आईनं आधी हळदीचं काढलं. मग म्हणाली, "तू गेल्यावर जो धक्का झाला, त्या दिवसापासून तुझे बाबा उंबऱ्याच्या आत आले न्हाईत. लिंबाखाली बाज टाकली हाय. जेवण भायेर, झोपणं भायेर. मी कोणाला बोलले न्हाई, तू बी बोलू नको."

शिरड शहापूरला काय झालं होतं? बारीकसा धक्का म्हणालात. मला खरं सांगा.

मी रागावले नाही. रागावायचा मला काय हक्क, मी स्वतः इथं रोज खोटं लिहिते की सगळं मजेत आहे. गोळीबाराला मी डोळे मिटते. बंदूक खांद्याला लावली की घोडा दाबायच्या आतच डोळे बंद होतात. गोळी कुठं जाते मलाच माहीत नाही. उस्ताद ओरडतात, "आवाजाला काय भितेस? तुला ऐकू येतो तोवर गोळी निघून गेलेली असते!" यात नापास झाले तर घरी पाठवतील. हे मी आईला सांगितलेलं नाही.

माझं ऐका. एका रविवारी पाची माथे करा, सकाळी निघून संध्याकाळच्या आत. मला तेव्हा भरतीची फार भीती होती. चौथ्या माथ्यावर पाय इतके थकले की भ्यायला जोरच उरला नाही. कदाचित तुमचंही तसंच होईल. संध्याकाळी थकून याल आणि ध्यानात यायच्या आत घरात शिराल.

दीक्षा

---

खडकदरा
१३ जानेवारी २०२५

प्रिय दीक्षा,

सप्रेम जयभीम.

तुला कळलं ते बरं झालं. लपवायचं ओझं मला झेपत नव्हतं.

शिरड शहापूरला मी खोलीच्या आतून छताला गिलावा करत होतो. आवाज आला आणि पायाखालची फळी हलली. वर छत. त्याच्याकडं बघतच होतो तेव्हा त्याच्यातून एक रेघ सरसर धावत गेली, पाण्यातून साप जावा तशी. छत पडलं नाही. नुसता ओला गिलावा माझ्या तोंडावर आला. बाकीचे गडी बाहेर जाऊन हसायलाही लागले. मी हसलो नाही. माझे हात सुन्न झाले होते.

त्या संध्याकाळी घरी आलो, उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि तेच झालं. हात सुन्न. आपल्या घराचा स्लॅब मी स्वतः टाकलेला आहे, त्यात लोखंड किती आहे ते मला ठाऊक. तरी पाय उचलेना. रोज बघतो, रोज तेच. एसटीत बसत नाही. विहारातही जात नाही, पायरीवरून हात जोडतो. रोज तीन वेळा शरण जातो असं तोंडानं म्हणणारा माणूस एका छताला एवढा भितो, याची मला लाज वाटते. लाजेनं भीती कमी होत नाही, एवढं मात्र कळलं.

डोंगर मी हवेसाठी चढत नव्हतो. माथ्यावर डोक्यावर काही नसतं, म्हणून जात होतो. तिथं श्वास पुरा लागतो.

उस्ताद म्हणतात ते बंदुकीचं खरं असेल. आपल्याकडं उलटं आहे. इथं आवाज आधी येतो, मग माणूस वाट बघत राहतो.

आजीनं परवा खिडकीच्या गजातून हात बाहेर काढला. मी धरला. म्हणाली, "किती दिस असा भायेरून हात धरशील रे? जेलात हाय का मी? एकदा आत ये. बाजेवर बस. तेवढं कर, मग मी मोकळी." मी म्हटलं, येतो माय. तिनं हात आत घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं. डॉक्टर आता फार दिवसांचं काही बोलत नाहीत. ती असेतोवर मला आत जायचं आहे. दुसरं काही नको.

म्हणून तुझं ऐकतो. येत्या रविवारी निघेन. फोन घरीच ठेवीन, तुझा फोन येईल तेव्हा आजीला घेता यावा. आईला सांगितलं तर म्हणाली, "जा. पर दिवस मावळायच्या आत या, मला दोघा म्हाताऱ्यांचा घोर लावू नका." मी पन्नाशीचाही नाही अजून.

डोळे मिटतेस ते कुणाला तरी सांग. मला सांगितलंस, आता उस्तादांना सांग.

तुझा,
बाबा

---

२० जानेवारी २०२५

बाबा,

काय झालं? लगेच लिहा.

काल दुपारी आजीशी बोलत होते. तुमचंच चाललं होतं, "तुझा बाप रानडुकरावानी डोंगरानं फिरून राहिला" म्हणून हसत होती. मधेच तिच्या मागून तो घरघर आवाज आला. मी इथं बसून ओळखला. आजी म्हणाली, "थांब गं लेकरा." मग काहीतरी पडल्यासारखं झालं आणि फोन बंद. पुन्हा पुन्हा लावला, लागला नाही. वेळ संपली, फोन जमा केला. मी जमा करायला तयार नव्हते तर पल्लवीनं माझ्या हातातून सोडवून घेतला.

रात्रभर माझ्या डोळ्यांपुढं तुम्ही काळखडीच्या कड्यावर होता. मीच पाठवलं तुम्हाला. मीच लिहिलं, पाय थकले की भीती जाते. मला काय माहीत होतं भीतीतलं?

आज सकाळी मॅडमनी ऑफिसातून एक फोन करू दिला. आई म्हणाली, "सगळी हाईत. बाकी तुझे बाबा लिहितील." आणि रडायला लागली. सगळी आहेत तर रडते काहून? आजी आहे ना? तुमच्या पायाला काही झालं का? जे असेल ते लिहा, बारीकसं म्हणून लिहू नका.

दीक्षा

---

खडकदरा
२५ जानेवारी २०२५

प्रिय लेक दीक्षा,

सप्रेम जयभीम.

आजी आहे. आई आहे. मी आहे. गुडघा सोलला आहे आणि अंगठ्याचं नख काळं पडलं आहे, एवढंच. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू श्वास घेऊन वाचशील. उशीर झाला, कारण दोन दिवस पेन धरता येईना.

रविवारी पहाटवारा होता तेव्हाच निघालो. टेंभीवर पोचलो तेव्हा गावातून धूर निघायला लागला होता. जोगिणीवर प्रभूनं चहा पाजला आणि म्हणाला, "आज पाची? मंग उद्या खांद्यावर न्यायला चौघं लागतील." काळखडीपर्यंत मी खुशीत होतो. चढाला चाललो, सपाटीला पळालो, कुसळं बसून काढली. वर आभाळ, डोक्यावर दुसरं काही नाही. मनात आलं, माणसानं घरं बांधायचा उद्योग केलाच कशाला? मी बांधली तेवढी सगळी डोळ्यांपुढून गेली.

गिधाडमाथ्यावर बसून भाकरी सोडली. उन्हं कलायला लागली होती. तिथून आपलं घर दिसतं, लिंबामुळं ओळखू येतं. आजी आता तुझ्याशी बोलत असेल असं म्हणतच होतो, तेव्हा आवाज आला.

दीक्षा, खाली आपण तो ऐकतो तेव्हा तो दूरचा वाटतो, कुठं तरी ट्रकमधून दगड ओतल्यासारखा. वर तो माझ्या बसण्याखालून आला. खडक हलला. बारीक खडे तव्यावरच्या फुटाण्यासारखे उडाले. माझ्या डोक्यावर काहीच नव्हतं, तरी हात सुन्न झाले. तेव्हा कळलं की मी इतके दिवस भीतीला छत समजत होतो. ती छतात नव्हतीच. मी तिला घेऊनच वर चढत होतो.

मग सगळं थांबलं. पाखरंही थांबली. मी थाळीची वाट बघू लागलो.

पहिल्यांदा डोंगराच्या पल्याडच्या गावातून थाळ्या आल्या. आपली रीत तिकडंही गेली आहे. आधी एक, मग पाच-दहा, मग पाऊस पडल्यासारख्या. मी आपल्या गावाकडं कान केला. काही नाही. वारा माझ्याकडंच येत होता, गावातलं कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं. थाळी नाही. आजीची नाही, म्हणून कुणाचीच नाही.

थोडं थांबलो. पल्याडच्या थाळ्या वाजून संपल्या. आपल्या गावाच्या कडेनं, आपल्या गल्लीच्या बाजूला, धुळीचा लोट उठला.

पुढचं मला सलग आठवत नाही. मी उठलो आणि कड्याकडंच धावलो. पार टोकाला जाऊन उभा राहिलो. खाली तलाव, पलीकडं घर. हाक मारली तर पोचेल असं वाटत होतं. एक पाय खाली टाकलाही होता. पायाखालची माती सुटून खाली गेली आणि पाण्यात पडल्याचा आवाज फार उशिरा आला. तेव्हा तुझं वाक्य आठवलं, सरळ उतरायचं मनातही आणू नका. माघारी फिरलो.

निशाणच्या वाटेनं पळालो. चढालाही पळालो, तू नको म्हणाली होतीस तरी. छातीत भाता चालला होता. मनात म्हटलं, त्रिशरण म्हणू, धीर येईल. शब्द येईनात. तीस-पस्तीस वर्षं रोज म्हणतो ते शब्द, दीक्षा, एकाला एक जोडून येईनात. तोंडातून नुसतं "माय, माय" येत होतं. निशाणच्या उताराला पडलो, गुडघा तिथंच फुटला. उठून बघितलं तर अजून थाळी नाही. मी माझ्या मनात घर पाडून टाकलं होतं. स्लॅब कोणत्या कोपऱ्यातून खचला असेल, बाज कुठं होती, आई दाराशी होती की आत, सगळं मला गवंड्याच्या डोळ्यांनी दिसत होतं. दुसऱ्या माणसाला इतकं दिसलं नसतं.

खाली आलो तर गावाच्या तोंडाशी प्रभूची मेंढरं रस्ताभर पसरलेली. आवाजाला भिऊन ती जोगिणीवरून थेट गावात घुसली होती. धूळ त्यांची होती. प्रभू काहीतरी ओरडला, मी थांबलो नाही.

आपल्या गल्लीत सगळं गाव उभं होतं. घरं उभी. माणसं उभी. सगळ्यांच्या हातात थाळ्या, आणि सगळ्यांचं तोंड डोंगराकडं. मला बघून कुणीतरी "आला, आला!" केलं. चांगुणाबाई पुढं आली आणि मला बोलायला लागली, "कुठं मरून राहिला होतास रे? लेकरं उपाशी उभी हाईत भायेर, कोणाला घरात जाता येईना, तुझ्या पायी!" मला त्यातलं एक अक्षर समजलं नाही. मी विचारलं, माय कुठंय? ती म्हणाली, "आत हाय, कुठं जाईल?"

आत हाय, एवढंच ऐकलं आणि मी आत गेलो.

उंबरा कधी ओलांडला ते मला माहीत नाही. आई दाराच्या आत उभी होती, तिला धक्का लागला. आजी बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर थाळी, हातात पळी. ती तुझ्याशी बोलत होती तो माझा फोन बाजेखाली पडला होता. मी धापा टाकत बाजेवर बसलो आणि म्हटलं, "माय, थाळी काहून न्हाई वाजवली?"

तिनं आधी माझा फुटलेला गुडघा बघितला. मग म्हणाली, "घरातलं सगळं मानूस दिसल्याबिगर वाजवायची न्हाई, असं ठरलं ना? दीक्षा फोनमधी होती, तिचा आवाज ऐकला, तिला धरली. करुणा दारात हाय. मी हितं हाय. तू कुठं होतास?"

दीक्षा, मी गिधाडमाथ्यावर बसून सगळं घर मोजलं होतं. आजी, आई, फोनवरची तू. स्वतःला मोजायचं राहिलं. ती थाळी माझ्यासाठी थांबली होती आणि मी ती वाजत नाही म्हणून जीव तोडून पळत होतो. वर मी भीत होतो, खाली ती भीत होती, आणि दोघांच्या मधे सगळं गाव थाळ्या धरून उभं होतं. आई म्हणते, बायांनी आजीला किती सांगितलं, "वाजवा हो, त्यो येईल मागून." तर म्हणाली, "तुमच्या घरातलं एक राहिलं असतं तर वाजवली असती का?" मग त्याही डोंगराकडं बघत उभ्या राहिल्या.

आजीनं थाळी माझ्या मांडीवर सरकवली. "घे. तूच वाजव. माझा हात दुखून राहिला धरून धरून." मी वाजवली. बाहेरून एक थाळी आली, मग सगळ्या आल्या. घराच्या आतून ऐकलं तर त्या केवढ्या मोठ्या वाटतात.

त्या थांबल्या तेव्हा माझी नजर वर गेली. छत. माझ्या हातानं टाकलेलं, डोक्यापासून दोन हातांवर. आणि हात पुन्हा सुन्न. मी उठायला लागलो. आजीनं मनगट धरलं. तिच्या अंगात आता एवढा जोर कुठून आला कोण जाणे. म्हणाली, "आता एवढा पळून आलास, अजून पळायची हौस हाय का?" बाहेर कुणीतरी हसलं. बहुतेक प्रभू.

तेवढ्यात पुन्हा एकदा आवाज आला. बारीक, पोटात गुरगुरल्यासारखा. खरंच बारीक, मी तुला फसवत नाही. बाजेची कड माझ्या हाताखाली थरथरली. ती बाज थरथरत होती की मी, सांगता येत नाही. मी उठलो नाही. धीट झालो म्हणून नव्हे. आजीनं मनगट सोडलं नव्हतं म्हणून. मग ती म्हणाली, "हं. आता मोज." मी मोजलं. मी, माय, करुणा. एक कमी आली. ती म्हणाली, "तिचं नाव मोठ्यानं घे, तिकडं ऐकू जाईल." मी तुझं नाव घेतलं आणि थाळी वाजवली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आत जातो. लिंबाखालची बाज अजून तिथंच आहे आणि झोपायला मी तिच्यावरच जातो. भीती गेली असं लिहिलं तर खोटं होईल. वंदनेपुरता आत बसतो, आजीच्या बाजेवर, दाराकडं तोंड करून. ती मनगट धरते आणि मी म्हणतो. मधेच तिला डोळा लागतो आणि तिची बोटं सैल होतात. तेव्हा मला उठून जाता येतं. आजवर तरी गेलो नाही.

हे पत्रही आतच लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर कागदाखाली बाज आहे म्हणून समज, आणि थोडं माझ्यामुळंही.

उस्तादांना सांगितलंस का? सांगितलं नसशील तर सांग. डोळे मिटत असतील तर मिटू देत. कुणीतरी शेजारी उभं राहू दे.

आजी झोपली होती, आता उठली आणि काय लिहितोस म्हणून विचारते आहे. म्हणाली, "तिला लिही, रविवारी फोन बराबर कर. मोजायचं राहतं."

तुझा,
बाबा